कोंबडी काउंटरपाशीच असते: जपानमध्ये फास्ट फूड शोधणाऱ्यांसाठी

दरवर्षी फेब्रुवारी लागला की ठाणे-पुण्याकडून माझ्या फोनवर निरोप यायला लागतात. कुणाची तरी आत्या सकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला निघालेली असते, कुणाचे साहेब बायकामुलांसह. थंडी किती, रेल्वे पास घ्यावा का, हे सगळं विचारून झालं की आवाज जरा खाली येतो आणि खरा प्रश्न बाहेर पडतो. "तिथे साधं चिकन-बिकन मिळतं ना रे? सुशी काही आम्हाला जमायची नाही."

मिळतं. जपानी माणूस तळलेली कोंबडी डब्यात नेतो, बिअरबरोबर खातो, नाताळात तर तिच्यासाठी रांग लावतो. तरीही आपली माणसं परत आली की "चार दिवस बिस्किटं आणि ठेपल्यांवर काढले" असं सांगतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. 2024 साली 2 लाखांहून जास्त भारतीय जपानला जाऊन आले. त्यातले कितीतरी जण रात्री नऊ वाजता स्टेशनबाहेर उभे राहून केएफसीची ओळखीची लाल पाटी शोधत असणार, अशी माझी खात्री आहे. पाटी असते तीन स्टेशनं लांब. कोंबडी मात्र पाठीमागच्याच दुकानात, गल्ल्याशेजारी, दिव्याखाली ठेवलेली असते.

आधी दुकान ओळखा

त्या दुकानाला जपानी लोक 'कोन्बिनी' म्हणतात. कन्व्हीनियन्स स्टोअर हे लांबलचक नाव चिरून केलेला शब्द. आपल्याकडचं किराणा दुकान, वडापावची गाडी, एटीएम आणि वीजबिल भरायची खिडकी एकाच काचेच्या खोलीत बसवली आणि बहुतेक ठिकाणी ती चोवीस तास उघडी ठेवली, की झाली कोन्बिनी. सेव्हन-इलेव्हनचं जपानमधलं पहिलं दुकान 1974 मध्ये तोक्योच्या तोयोसु भागात सुरू झालं. आज सगळ्या कंपन्यांची मिळून 55 हजारांहून जास्त दुकानं आहेत. केएफसीची साधारण 1,200. म्हणजे एका केएफसीमागे पंचेचाळीसेक कोन्बिनी पडतात, आणि आपण शोधत बसतो केएफसी.

पैसे द्यायच्या काउंटरवर एक छोटं काचेचं कपाट असतं, आत पिवळा दिवा. तेच आपलं ठिकाण. लॉसनमध्ये 1986 पासून 'काराआगे-कुन' मिळतं: कोंबडीचं चित्र असलेल्या कागदी खोक्यात पाच छोटे तुकडे आणि टोचून खायला एक काडी. फॅमिलीमार्टमध्ये 2006 पासून 'फामिचिकि' आहे, हातात मावेल एवढा बिनहाडाचा चपटा तुकडा. सेव्हन-इलेव्हनकडे 'ननाचिकि'. किंमत दुकानागणिक आणि वर्षागणिक बदलते, पण एक तुकडा साधारण दोनशे-अडीचशे येनला पडतो.

कपाट आपण उघडायचं नाही. बाकीची खरेदी काउंटरवर ठेवायची आणि कपाटाकडे बोट दाखवून म्हणायचं, "फामिचिकि, हितोत्सु." हितोत्सु म्हणजे एक. दोन हवे तर 'फुतात्सु'. दुकानदार काहीतरी लांबलचक विचारेल आणि त्यात 'फुकुरो' हा शब्द ऐकू येईल. फुकुरो म्हणजे पिशवी. जुलै 2020 पासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात, म्हणून विचारतात. नको असेल तर "दाइजोबु देस" म्हणून हात हलवायचा. एवढ्या तीन शब्दांवर मी पहिले सहा महिने काढले आहेत.

फामिचिकिचा कागद बघण्यासारखा असतो. मधोमध टोचलेली एक रेघ असते. तिथून वरचा अर्धा भाग फाडायचा, खालचा अर्धा हातात मूठ म्हणून राहतो. पहिला घास जपून घ्या. आतला गरम रस सरळ मनगटावर येतो आणि थंडीतल्या जाकिटाची बाही खराब होते. शेजारच्या फडताळात याच तुकड्यासाठी वेगळा पाव मिळतो. तो घेतला की बर्गर तयार.

एकच गोम आहे. दुकान चोवीस तास उघडं असलं तरी कपाट चोवीस तास भरलेलं नसतं. रात्री उशिरा ते रिकामं करून धुतात. अकरा वाजता भूक लागणाऱ्यांनी नऊला घेऊन ठेवावं.

हे काराआगे म्हणजे नक्की काय?

'काराआगे' हा शब्द एकदा पक्का करून घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी फ्राइड चिकन असं लिहिलेलं नसतं. आलं, लसूण आणि सोया सॉसमध्ये मुरवलेले, बहुतेक वेळा मांडीचे, बिनहाडाचे, कातडीसकट तुकडे. त्यावर कोरडं पीठ लावून तळायचं. पीठ गव्हाचं असतं किंवा बटाट्याचा स्टार्च.

आपल्या स्वयंपाकघरातलं उदाहरण घेऊ. बोंबील रव्यात घोळवून तळला तर वर कुरकुरीत खडबडीत थर येतो; केएफसीचा तुकडा त्या घराण्यातला. कांदाभजी पिठाच्या घोळात बुडवून तळतो. तशी कोंबडी तळली की जपानीत तिला 'तोरीतेन' म्हणतात, म्हणजे कोंबडीचा तेम्पुरा. काराआगे या दोघांच्या मध्ये बसतं. पातळ कोटिंग, चव मांसात मुरलेली, मसाला वरून नाही. आपल्याकडच्या चायनीज गाडीवरचं ड्राय चिकन रंग आणि तिखट काढून खाल्लं तर जवळपास तसं लागेल.

कोंबडीचं हे प्रेम तसं नवं आहे. सम्राट तेन्मुच्या काळात, इसवी सन 675 मध्ये, गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घालणारा हुकूम निघाला होता. लोक पुढची हजार वर्षं तो तंतोतंत पाळत बसले असं नाही, पण मांस उघडपणे खाण्याला मान मिळाला तो थेट एकोणिसाव्या शतकात. तोक्योच्या गिंझा भागातलं मिकासा काइकान हे रेस्टॉरंट 1932 पासून तळलेली कोंबडी विकतंय. पण ती घरोघरी पोचली दुसऱ्या महायुद्धानंतर, ब्रॉयलर कोंबड्यांनी भाव खाली आणल्यावर.

"पण केएफसी आहे ना?"

आहे, आणि त्याची गोष्ट मजेची आहे. 1970 च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात केएफसीनं चाचणी म्हणून दुकान लावलं आणि त्याच वर्षी नागोयात पहिली शाखा उघडली. मॅकडोनाल्ड्स आलं पुढच्या वर्षी, 20 जुलै 1971 ला, गिंझातल्या मित्सुकोशी या उंची दुकानाच्या तळमजल्यावर. मॉस बर्गर हा जपानी भाऊ 1972 चा. तेरियाकी बर्गर, म्हणजे गोडसर सोया सॉस लावलेला, हे मॉसचंच बाळ, 1973 चं.

1974 मध्ये केएफसीनं 'नाताळ म्हणजे केंटकी' अशी जाहिरात सुरू केली. जपानमध्ये ख्रिश्चन जेमतेम एक टक्का. नाताळात काय खायचं, याची घरात परंपराच नव्हती. ती रिकामी जागा जाहिरातीनं भरली आणि पन्नास वर्षांनी आता तीच परंपरा आहे. 23 ते 25 डिसेंबरला केएफसीसमोर जी रांग लागते ती बघून मला गटारीच्या दिवशी आपल्याकडे चिकनच्या दुकानासमोर लागणारी रांग आठवते. फरक इतकाच, की तिथले लोक नोव्हेंबरमध्येच नंबर लावून मोकळे होतात. त्या तीन दिवसांत ऐनवेळी दारात जाऊन उभं राहिलात तर मिळेल याची काही शाश्वती नाही. कोन्बिनीत मात्र तेव्हाही मिळेल.

दारातला कर्नल सँडर्सचा पुतळाही जपान्यांनी आपलासा केला आहे. 1985 मध्ये हानशिन टायगर्स हा बेसबॉल संघ जिंकला तेव्हा ओसाकाच्या दोतोन्बोरी कालव्यापाशी जमलेल्या चाहत्यांना संघातल्या दाढीवाल्या अमेरिकन खेळाडूसारखा दिसणारा कुणी सापडेना, म्हणून त्यांनी कर्नललाच पाण्यात ढकललं. पुढे संघ वर्षानुवर्षं हरत राहिला आणि लोक म्हणू लागले, कर्नलचा शाप लागला. पुतळा 2009 मध्ये गाळातून वर आला. संघाला देशाचं अजिंक्यपद मिळायला 2023 उजाडलं.

आता खाण्याचं. जपानी केएफसीत तिखट कुरकुरीत चिकन ही मुख्य गोष्ट नाही, मूळ कमी तिखट ओरिजिनल हीच मुख्य. आपल्या शाखेतली चव डोक्यात ठेवून गेलात तर ते मऊ आणि मिठाळ वाटेल. शिवाय बऱ्याच शाखा रात्री नऊ-दहालाच बंद होतात.

कोंबडीच आहे कशावरून?

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि आपले लोक नेमके इथेच फसतात. भारतात मोठ्या बर्गर साखळ्यांमध्ये गाय आणि डुक्कर नसतंच, त्यामुळे आपण निर्धास्त असतो. ती सवय विमानतळावरच सोडून द्या.

तीन शब्द पाठ करा. 'तोरी' म्हणजे कोंबडी, 'बुता' म्हणजे डुक्कर, 'ग्यू' म्हणजे गाय-बैल. नुसतं 'निकु', म्हणजे मांस, असं लिहिलं असेल तर सावध. ओसाकाकडे नुसतं निकु म्हटलं की गोमांसच गृहीत धरतात. डुकराच्या मांसाच्या वाफवलेल्या पावाला बाकी जपानात निकुमान म्हणतात, ओसाकात मात्र बुतामान. बुता वेगळं सांगावं लागतं, म्हणून.

पदार्थाच्या नावावरही जाऊ नका. तेरियाकी ही चव आहे, प्राणी नव्हे. जपानी मॅकडोनाल्ड्सच्या तेरियाकी मॅकबर्गरमध्ये डुकराचं मांस असतं. कोको इचिबान्या ही करीभाताची प्रचंड मोठी साखळी (2020 मध्ये गुरुग्रामलाही आली). तिथे चिकन कटलेट करी मागवली तरी खालचा नेहमीचा रस्सा डुकराच्या मांसाचा असतो. वर कोंबडी, खाली डुक्कर. वेगळा शाकाहारी रस्सा बऱ्याच शाखांत मिळतो, पण तो आपण मागायचा. आणि योशिनोया, सुकिया, मात्सुया या नारिंगी-लाल-पिवळ्या पाट्यांची दुकानं मुळात ग्यूदोनची, म्हणजे गोमांस-भाताची आहेत.

एकदा एका छोट्या दुकानात मी मशीनवरच्या फोटोत सोनेरी कटलेट बघून बटण दाबलं आणि निम्मं ताट संपल्यावर शेजारच्या गृहस्थांना विचारलं, "तोरी?" ते अगदी अदबीनं म्हणाले, "बुता." मला डुकराचं वावडं नाही म्हणून पदरी पडलं ते पवित्र झालं. माझ्याबरोबर त्या दिवशी आत्या असत्या तर?

यावर एक चांगला उपाय आहे आणि तो फार कमी लोकांना ठाऊक आहे: अ‍ॅलर्जीचा तक्ता. जपानमध्ये गहू, अंडी, दूध, शेंगदाणे अशा काही गोष्टी पाकिटावर छापणं सक्तीचं आहे, आणि आणखी काही छापाव्यात अशी सरकारी शिफारस आहे. शिफारशीच्या यादीत गोमांस, डुकराचं मांस, कोंबडी आणि जिलेटिन आहे. मोठ्या साखळ्या आपापल्या संकेतस्थळावर प्रत्येक पदार्थासमोर ठिपके मारलेला हा तक्ता ठेवतात. मुळात तो अ‍ॅलर्जीवाल्यांसाठी. पण आपल्याला त्यातून नेमकं हवं ते कळतं: चिकनच्या मसाल्यात डुकराचा अर्क आहे का, रश्श्यात गाय आहे का. पाटी जपानीत असली तरी फोनचा कॅमेरा धरून भाषांतर होतं. हलाल खाणाऱ्यांना मात्र हा तक्ता पुरणार नाही, कारण कोंबडी कशी कापली ते त्यात येत नाही.

मशीनला पैसे, माणसाला चिठ्ठी

छोट्या खानावळींच्या दाराशी एक मशीन असतं. आत जाऊन टेबलावर बसून वेटरची वाट बघितलीत तर कुणी येणार नाही. हे म्हणजे आपल्या स्टेशनवरच्या कॅन्टीनसारखं, "आधी कूपन घ्या." फरक एवढाच की इथे कूपन देणारे काका नाहीत, बटणं आहेत. पैसे टाका, बटण दाबा, चिठ्ठी निघेल, ती काउंटरवर ठेवा. वर डावीकडचं बटण बहुधा दुकानाच्या मुख्य पदार्थाचं असतं, काही कळलं नाही तर ते.

जुलै 2024 मध्ये जपाननं नव्या नोटा काढल्या आणि जुन्या मशीनवाल्या काही दुकानांना अजून त्या चालत नाहीत. नवी हजाराची नोट परत बाहेर आली तर मशीन बिघडलेलं नाही, नोट तरुण आहे. खिशात नाणी ठेवा. टिप कुठेच द्यायची नाही. ठेवलीत तर माणूस "विसरलात" म्हणून रस्त्यापर्यंत मागे येतो.

पार्सल स्वस्त का पडतं?

खायच्या वस्तूवर दोन दर आहेत. ऑक्टोबर 2019 पासून घरी नेलेल्या खाण्यावर 8 टक्के कर आणि दुकानात बसून खाल्लेल्यावर 10 टक्के. म्हणून बिल करताना "तेन्नाइ?" असं विचारतात, म्हणजे इथेच खाणार का. पार्सलला 'मोचिकाएरी' म्हणतात. कोन्बिनीत कोपऱ्यात दोन खुर्च्या असतील आणि तिथे बसून फामिचिकि खाणार असाल, तर नियमानं तुम्ही 10 टक्केवाले. काही साखळ्या डोकेदुखी नको म्हणून दोन्हीचा भाव एकच ठेवतात.

मग सगळे पार्सलच का घेत नाहीत? कारण खायचं कुठे, हा पुढचा प्रश्न उभा राहतो. चालता चालता खाणं अनेक ठिकाणी बरं दिसत नाही. कामाकुरा शहरानं तर 2019 मध्ये गर्दीत चालत खाऊ नका अशी विनंती करणारा नियमच केला. रस्त्यावर कचराकुंड्या जवळपास नाहीतच. 1995 मध्ये तोक्योच्या मेट्रोत सारिन या विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर त्या आणखी कमी झाल्या. त्यामुळे तेलकट कागद खिशात घेऊन हॉटेलपर्यंत जावं लागतं. दुकानाच्या बाजूला उभं राहून खायचं आणि कागद तिथल्याच कुंडीत टाकायचा, हे सोपं. लोकल गाडीत खाऊ नये, शिनकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, खुशाल खावं.

दुकानात बसून खाल्लंत तर ताट स्वतः उचलून कचरा वेगळा करायचा. एका भोकात उरलेला बर्फ आणि पेय ओतायचं, दुसऱ्यात प्लास्टिकची झाकणं, तिसऱ्यात कागद. पहिल्या दिवशी मी भरला ग्लास तसाच कागदाच्या भोकात टाकला. कुणी काही बोललं नाही. मागच्या शाळकरी मुलीनं फक्त तिचा ग्लास हळूच, सावकाश, मला दिसेल असा, बरोबर भोकात ओतला.

तिखट, आणि सोबतचे शाकाहारी

तिखट नाही. वाद घालू नका, नाहीच. टेबलावर 'शिचिमि' नावाची सात मसाल्यांची बारीक डबी असते, तिनं जीभ जागी होते इतकंच. घरची लसणाची कोरडी चटणी छोट्या डबीत नेलीत तर काराआगेबरोबर ती फार छान लागते, हे मी अनुभवानं सांगतो.

सोबत शाकाहारी मंडळी असतील तर फास्ट फूडवर विसंबू नका. "बटाटे तरी खातील" हा नेहमीचा तोडगा इथे चालत नाही: जपानी मॅकडोनाल्ड्स फ्राइज ज्या तेलात तळतं, त्यात पामतेलासोबत गाईची चरबी असते. आलू टिक्की तर नाहीच. तोक्योत असाल तर निशि-कासाईला जा. आयटीतल्या भारतीयांची तिथे मोठी वस्ती आहे, मराठीही कानावर पडतं, आणि डाळ-भात सहज मिळतो.

"एवढं जपानला जाऊन फास्ट फूड?"

हा टोमणा मला नेहमी ऐकावा लागतो. टोमणा मारणारे स्वतः परदेशात रात्री दहा वाजता, दोन दमलेली मुलं घेऊन, अगम्य लिपीतल्या मेनूसमोर उभे राहिलेले नसतात. पण त्यात थोडं तथ्य आहे, कारण तळलेल्या कोंबडीचे गावोगावचे प्रकार बघायचे राहून जातात. आपल्याकडे कोल्हापूरचा रस्सा वेगळा, नागपूरचा सावजी वेगळा, मालवणी आणखी वेगळं, तसंच ते.

होक्काइदोत काराआगेला 'झांगी' म्हणतात आणि मुरवण जरा जास्त जोरदार असते. नागोयात 'तेबासाकि', कोंबडीचे पंख, गोडसर सॉस आणि मिरपूड लावलेले, हाड चोखत खायचे. मियाझाकीत 'चिकन नान्बान': तळून आंबटगोड पाण्यात बुडवलेली कोंबडी आणि वर अंड्याचं तार्तार सॉस. ऐकायला विचित्र, पण मला सगळ्यात आवडलेली हीच. मोठ्या शहरांत डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात काराआगे शंभर ग्रॅमच्या भावानं तोलून मिळतं आणि बंद व्हायच्या आधी त्यावर 'हानगाकु', म्हणजे निम्म्या किमतीची, चिठ्ठी लागते.

आणि क्युशू बेटावर ओइता प्रांतात नाकात्सु आणि उसा ही दोन शेजारी गावं आहेत. काराआगेचं खरं गाव कोणतं, यावर त्यांच्यात गोड भांडण आहे. उसा म्हणतं, नुसतं काराआगे विकणारं दुकान आधी आमच्याकडे निघालं. नाकात्सुत गल्लोगल्ली तशी दुकानं आहेत, बसायला जागा नसलेली, नुसती खिडकी. काचेचं कपाट नाही, पिवळा दिवा नाही. खिडकीशी वजन सांगितलं की तुकडे तेलात पडल्याचा आवाज येतो, आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं आपण बाहेर उभे.